समोरची वाळू

नुंग्वा, आक्रा
९ फेब्रुवारी १९९७

आदरणीय कोरकोई लॅम्प्टे बाईसाहेब यांस,

सादर नमस्कार. मी सेलॉर्म आहिआबोर, तुमच्या घराचा नवा राखणदार. पास्टरसाहेबांनी माझं नाव तुम्हाला कळवलं असेलच. पहिल्या तारखेपासून मी इथे राहायला आलो. दर महिन्याला घराची हकीगत लिहायची, खरी लिहायची आणि वाचता येईल अशा अक्षरात लिहायची, असा तुमचा निरोप मिळाला. हे पत्र आधी कच्चं लिहून मग उतरवलं आहे. माझी शाळा आठवीत सुटली, तरी शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाई क्वचितच लागली. चूक आढळल्यास कळवावी.

चारही खोल्यांच्या भिंती दारं-खिडक्यांवरच्या लिंटेलपर्यंत आल्या आहेत. जिना पूर्ण आहे, पण तो जिथे पोचतो तिथे अजून फक्त स्लॅबचा तुकडा आहे. मागच्या खोलीवर आधीच्या राखणदाराने सात पत्रे टाकून त्यावर दगड ठेवले होते. मी तिथे झोपतो. एका पत्र्याला भोक होतं, ते डांबराने बुजवलं. रस्त्याकडच्या भिंतीवरचं 'हे घर विकाऊ नाही' पुसट झालं होतं, ते लाल रंगात पुन्हा लिहिलं. पलीकडचा रिकामा प्लॉट मालक परदेशात असताना तीन वेगवेगळ्या लोकांना विकला गेला, असं कळलं. म्हणून अक्षरं मोठी काढली.

समुद्राकडच्या भिंतीपासून भरतीच्या रेषेपर्यंत माझी अठ्ठ्याहत्तर पावलं भरतात. मध्ये नारळाची नऊ झाडं आहेत. तुम्ही हे विचारलं नव्हतं, पण मी केटाकडचा आहे. आमच्याकडे समुद्रासमोर घर असलं की पावलं मोजतात.

शेजार असा नाही. मासे धुरवणाऱ्या माम्ले आजींची भट्टी तेवढी हाकेच्या अंतरावर आहे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "एकटाच? बायको कुठे, आई कुठे?"

"नाही."

"काय नाही?"

"दोन्ही नाही."

त्यांनी मला एक मासा दिला आणि म्हणाल्या, "मग हा घे. तोंड तरी हलेल."

आपला आज्ञाधारक,
सेलॉर्म आहिआबोर


हॅम्बुर्ग
२ मार्च १९९७

सेलॉर्म,

बाईसाहेब म्हणू नकोस. मी इथे म्हाताऱ्यांच्या आश्रमात चादरी बदलते. कोणी बाईसाहेब म्हणालं की मागे वळून बघावंसं वाटतं, कोण आली म्हणून. मावशी म्हण.

अक्षर छान आहे. आधीचा बाबा लिहायचा, 'सगळं ठीक आहे, पैसे पाठवा.' चार वर्षं तेच एक पत्र, फक्त तारीख बदलून.

पण पावलं कसली मोजतोस? समुद्र काय कुठे पळून जाणार आहे? मी त्याच किनाऱ्यावर वाढले रे. माझी आई माम्लेच्या शेजारीच भट्टी लावायची. समुद्र होता तिथेच आहे. तुमचं केटा वेगळं, आमचं नुंग्वा वेगळं. मला घराचं लिही. पुढच्या पत्रात पावलं दिसली तर फाडून टाकीन.

घराचं नीट समजून घे. समुद्राकडच्या तीन खोल्या पाहुण्यांच्या. लोक आक्राला येतात, शहरात एक दिवस घाम गाळतात आणि मग ज्याला त्याला विचारत सुटतात की किनाऱ्यावर राहायला कुठे मिळेल. मोठ्या हॉटेलात जायची ऐपत नसते आणि कोणाच्या अंगणात झोपायची हिंमत नसते. त्यांच्यासाठी माझ्या तीन खोल्या. सकाळी मक्याचं केंके, मिरचीची चटणी आणि ताजा मासा. वरची खोली माझी.

नऊ वर्षं झाली, घराचा नकाशा माझ्या पलंगासमोर टाचणीने लावलाय. माझ्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते, आणि तिच्यावर काही लिहिलेलंही नाही. त्या जिन्याने वर चढ आणि तिथून काय काय दिसतं ते सगळं लिही.

कोरकोई मावशी


नुंग्वा
६ एप्रिल १९९७

आदरणीय मावशी,

तुमचं पत्र २२ तारखेला मिळालं. सांगितल्याप्रमाणे स्लॅबवर चढलो. आधी सकाळी चढलो आणि खात्रीसाठी दुपारी पुन्हा. उजवीकडे होड्या, त्यांपैकी एकीवर पिवळा मासा रंगवलेला. डावीकडे काळे खडक. मागे वस्तीचे पत्रे आणि चर्चचा मनोरा. समोर पाणी. वारा इतका असतो की कागद धरता येत नाही, म्हणून खाली येऊन आठवून लिहितो आहे. तुमच्या खोलीला दार समुद्राकडे ठेवलं तर ते आपटत राहील, बाजूला ठेवावं.

एक गोष्ट कळवायची आहे. मागच्या मंगळवारी दोघं पाहुणे आले. मंगळवारी मासेमारी बंद, म्हणून होड्या वर ओढलेल्या होत्या, किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. डेन्मार्कचा एक मुलगा आणि मुलगी, पाठीवर पिशव्या. मुलीने विचारलं, "इथे खोली मिळेल का?"

"खोल्या तीन आहेत," मी म्हणालो, "छप्पर नाही."

"पाऊस कधी येतो?"

"मे महिन्यात."

"मग चालेल की!"

मी त्यांना आत घेतलं नाही, कारण तुमची परवानगी नव्हती. त्यांनी नारळांखाली तंबू ठोकला आणि दोन दिवस राहिले. संध्याकाळी मला हाक मारून चहा द्यायचे. मुलगा रोज विचारायचा, आज काय केलं? मी सांगायचो, भिंतीवर पाणी मारलं. त्याला ते पुरायचं.

ते गेल्यावर तंबूच्या खुंट्यांची भोकं बुजवायला गेलो, तर वाळूने आधीच बुजवली होती. माम्ले आजी म्हणाल्या, "गेले का तुझे पाहुणे? मार आता भिंतीशी गप्पा."

आपला,
सेलॉर्म


हॅम्बुर्ग
२७ एप्रिल १९९७

अरे गाढवा,

माझ्या हॉटेलात पहिले पाहुणे आले आणि तू त्यांना वाळूत झोपवलंस! परवानगी काय मागतोस? तीन खोल्या कशासाठी बांधतेय मी, कोंबड्यांसाठी? पुढच्या वेळी समुद्राकडची डावी खोली झाडून दे. वर आभाळ आहे म्हणावं, त्याचे पैसे नाहीत.

आश्रमात सगळ्यांना सांगून टाकलं की माझ्या हॉटेलात डेन्मार्कहून माणसं आली होती. ब्रांट आजी म्हणून एक आहेत, सहा वर्षं त्यांचं सगळं मी करते. त्या म्हणाल्या, "मलाही ने, कोरकोई. मला कोपऱ्यातली खोली दे." मी म्हटलं, "आजी, तिथे लिफ्ट नाही." त्या म्हणाल्या, "मग तू उचल. नाहीतरी रोज उचलतेसच."

तू रोज लिहीत जा. पाठव महिन्याने, पण लिही रोज. मी कामावरून आले की खोलीत कोणी नसतं. तुझं पत्र असलं की मी कोट न काढता बसून वाचते.

मावशी


नुंग्वा
१५ जून १९९७

आदरणीय मावशी,

मेच्या मध्यापासून सणाआधीची ढोलबंदी होती, हे तुम्हाला माहीतच आहे. महिनाभर ढोल नाही आणि चर्चमध्ये टाळीसुद्धा नाही. माम्ले आजीदेखील हळू आवाजात शिव्या देत होत्या. इतकं शांत असतं की दुरून येणारी गाडी मैलावर ओळखू येते. म्हणून मला कळलं की पहाटे किनाऱ्यावर ट्रक येतात.

मी जाऊन पाहिलं. सहा माणसं फावड्यांनी वाळू भरत होती. मी ड्रायव्हरला म्हणालो, "ही वाळू नेऊ नका."

"तू कोण?"

"या घराचा राखणदार."

"मग घर राख. वाळूला काय पाय फुटणार आहेत?" त्यावर सगळे हसले. ड्रायव्हरने मला आणखी एक गोष्ट सांगितली. ती खरी आहे की नाही याची खात्री झाल्याशिवाय मी लिहिणार नाही.

घर ठीक आहे. नारळ नऊ होते, आता सात आहेत. मागच्या पत्रात होडीवरचा मासा पिवळा लिहिला होता. तो केशरी आहे. चुकीबद्दल क्षमस्व.

आपला,
सेलॉर्म


हॅम्बुर्ग
६ जुलै १९९७

सेलॉर्म,

ब्रांट आजी गेल्या. सोमवारी सकाळी गेल्या आणि मंगळवारी दुपारी त्यांच्या खोलीत दुसऱ्या बाई राहायला आल्या. मध्ये फक्त माझ्या चादरी. सहा वर्षांचं सगळं तीन खोक्यांत मावलं. त्यांची मुलगी म्हणाली, "तुम्हाला काही हवं असेल तर घ्या." मी एक कप घेतला, पण त्यात मला चहा जात नाही.

त्या दिवसापासून डोक्यात एकच आहे. मी पंचावन्न वर्षांची झाले. मला इथल्या खोलीत मरायचं नाही.

छप्पर घालायचं. आता, यंदाच. ओकोए गवंड्याला कळवलंय. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लाकूड आणि पत्रे घ्यायचे, नाताळाच्या आत काम संपवायचं. इतकी वर्षं साठवलेलं सगळं यात घालतेय, म्हणून नीट लक्ष ठेव. एकेक खिळा मोजून घे. मोजायची तुला हौसच आहे. नाताळात मी येतेय. आपल्या छपराखाली झोपायला.

नारळ पडले तर दुसरे लाव. ट्रकचं मनावर घेऊ नकोस, वाळू सगळेच नेतात.

छप्पर झालं की राखणदार लागत नाही, हे तुला कळतंय ना? मला आधीच सांगायला हवं होतं. बघू तुझं काहीतरी.

मावशी


नुंग्वा
३ ऑगस्ट १९९७

आदरणीय मावशी,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. कृपया शेवटपर्यंत वाचावं, फाडू नये.

पावलं लिहायची नाहीत असं तुम्ही सांगितलं होतं. मी लिहिली नाहीत, पण मोजणं थांबवलं नाही. फेब्रुवारीत अठ्ठ्याहत्तर होती. एप्रिलमध्ये एकाहत्तर, मेअखेर त्रेसष्ट. आज पंचेचाळीस आहेत. नारळ पाच उरले, त्यातल्या दोन झाडांची मुळं उघडी पडली आहेत. मी मार्चपासून हे लपवत होतो. तुम्हाला राग येईल म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर, तुम्ही काम थांबवलंत तर मला जायला जागा नाही म्हणून.

ड्रायव्हर त्या दिवशी म्हणाला होता, "तुझ्या मालकिणीच्या भिंती कशाच्या आहेत ते आधी विचार." मी ओकोए गवंड्याला विचारलं. तो म्हणाला, घराचा एकूण एक ब्लॉक इथेच, अंगणात पाडला, आणि वाळू समोरून उचलली. तुम्हीच कळवलं होतं म्हणे की समोर वाळू पडलेली असताना लांबून नदीची वाळू कशाला आणायची. तुमचं पाहून पलीकडच्या चौघांनी तसंच केलं. नंतर ट्रक येऊ लागले. मी हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. या किनाऱ्यावर सगळ्यांनी हेच केलं आहे. पण ती वाळू समुद्राला अडवत होती. आता ती तुमच्या भिंतीत आहे आणि समोर खड्डा आहे.

दुसरं असं, की त्या वाळूत मीठ आहे. डाव्या खोलीच्या भिंतीत मी खिळा घातला, तो बोटाने आत गेला. लिंटेलच्या सळया गंजून फुगल्या आहेत. छपराचं वजन ही भिंत घेईल असं मला वाटत नाही.

केटाला आमचं घर होतं. आधी अंगणातलं झाड गेलं, मग मोरी, मग स्वयंपाकघर. मी नऊ वर्षांचा होतो. बाबा शेवटच्या वर्षीसुद्धा छपराचे पत्रे बदलत होते. लोक म्हणायचे, बघा किती कष्टाळू माणूस.

छप्पर झालं तरी माझं इथलं राहणं संपेल आणि थांबलं तरी संपेल. यात माझा काही फायदा नाही, एवढं लक्षात घ्यावं. लाकूड घेऊ नका, मावशी.

आपला,
सेलॉर्म


हॅम्बुर्ग
२४ ऑगस्ट १९९७

सेलॉर्म आहिआबोर,

किती दिले तुला? कोणी दिले?

मला काय दूधखुळी समजलास? माझ्या सख्ख्या काकाने हीच जमीन विकायला काढली होती. तोही असंच गोड बोलायचा: कोरकोई, ती जागा बरी नाही, कोरकोई, तिथे घर टिकत नाही. जो तो मला तिथून हाकलायला बसलाय. वाटलं होतं, हा पोरगा खरं लिहितो. छप्पर घालायची वेळ आली आणि लगेच समुद्र आला?

नऊ वर्षं मी परक्यांच्या चादरी धुतल्या त्या काय समुद्रात टाकायला?

माझा भाचा येईल, नी आयी नावाचा. चावी त्याला दे. तुझ्या पिशव्या तो बघेल. यापुढे मला लिहू नकोस.

को. लॅम्प्टे


द्वारा पास्टर, नुंग्वा
५ ऑक्टोबर १९९७

आदरणीय बाईसाहेब,

लिहू नकोस म्हणालात, पण घर ताब्यात दिल्याचं लेखी कळवणं माझं काम आहे. २२ सप्टेंबरला सकाळी नी आयी यांना चावी, दोन घमेली, एक फावडं, एक बादली आणि उरलेला लाल रंग दिला. त्यांनी विचारलं, "मावशी म्हणाली पिशवी बघ. बघू?" मी पिशवी उलटी केली. ते म्हणाले, "एवढंच?" आणि मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. आम्ही दोघांनी मिळून ती परत भरली.

खोली शोधतो आहे. टेशीत एकाने विचारलं, "लग्न झालंय?" मी नाही म्हणालो. "मग आधी बायको शोध, खोली नंतर." लाबादीत एक बाई म्हणाल्या, "व्होल्टा नदीच्या पलीकडचा दिसतोस. मंत्रतंत्र नाही ना करत?" मी म्हणालो, मी फक्त हिशेबाने राहतो. त्या म्हणाल्या, "एकटा माणूस म्हणजे एकतर चोर नाहीतर आजारी. अंगणात बायका-मुली आहेत आमच्या." तिसऱ्या ठिकाणी दारच उघडलं नाही. सध्या चर्चच्या व्हरांड्यातल्या बाकावर आहे. पुढच्या आठवड्यात तेमाला गोदामात काम मिळेल. तिथे पोत्यांवर झोपू देतात.

आपण मला चोर समजलात ते पत्र मी ठेवलं नाही. बाकीची आहेत.

सेलॉर्म आहिआबोर


नुंग्वा
१६ ऑगस्ट १९९८

सेलॉर्म,

हे पत्र माम्लेकडे ठेवून जातेय. तू कुठे आहेस ते कोणालाच नीट माहीत नाही. पास्टर कुमासीला गेलेत. मी परवा तेमाला जाऊन आले. पाच गोदामं फिरले. एका ठिकाणी म्हणाले, "हो, इथे होता, फार मोजायचा, दुसरीकडे गेला." माझी रजा बारा दिवसांची. उद्या विमान.

नाताळात आलेच नाही, कारण सगळे पैसे छपरात गेले. नी आयीने जानेवारीत छप्पर घातलं, फोटो पाठवला. मी तो आश्रमात सगळ्यांना दाखवला. जूनमध्ये दोन दिवसांत पुढच्या तिन्ही खोल्या समुद्रात गेल्या. त्याने मला कळवलं नाही. त्याचं पत्र आलं, 'सगळं ठीक आहे.' मी आले तेव्हा तो रस्त्यावरच उभा होता, माझी बॅग सोडेना. "मावशी, आधी जेवूया का?" म्हणाला. मी म्हटलं, "बाजूला हो."

जिना उभा आहे. वर जाऊन संपतो. मागची खोली उभी आहे. तुझी. मी तिथेच राहिले. सगळे ओरडले, तरी राहिले. भिंतीवर दाराजवळ पेन्सिलीने तू तारखा लिहिल्यायस. मला नको होती ती सगळी पावलं माझ्याच भिंतीवर लिहून ठेवलीस. आणि अध्येमध्ये दुसरं. '१९ मे, आज कोणाशी बोललो नाही.' '२० मे, आज कोणाशी बोललो नाही.' '२२ मे, माम्ले आजी म्हणाल्या, जिवंत आहेस का. हो म्हणालो.' बारा दिवस तेवढंच वाचलं मी. हॅम्बुर्गला माझ्या भिंतीवर नकाशाऐवजी हेच लिहिता आलं असतं.

त्या वाळूचं खरं आहे. मी कळवलं होतं. मला शब्दसुद्धा आठवतात. ओकोएने लिहिलं होतं, नदीची वाळू महाग पडते. मी हसले होते, म्हटलं, हा गवंडी की वेडा, समोर एवढी पडलीय. लहानपणी आम्ही भांडी घासायला तीच आणायचो. ती कोणाची नव्हती, म्हणून आपलीच वाटायची.

माफी कशी मागतात ते तुला माहीत आहे. वडीलधाऱ्या माणसाला पुढे घालून ज्याचा अपराध केला त्याच्या दारी जायचं, आणि तो बसायला म्हणेपर्यंत उभं राहायचं. माम्ले यायला तयार आहे. म्हणते, "मीच बोलते, तू नुसती मान खाली घाल, तुला नाहीतरी बोलता येत नाही." पण आम्ही दोघी जायचं कुठे? तुला दारच नाही, आणि ते मीच काढून घेतलंय. कागदावर मागितलेली माफी माफी नसते.

म्हणून एक काम सांगते. राखणदार म्हणून नाही सांगत. एक दार शोध. समुद्रापासून लांब, शहरात आत कुठेतरी, अंगणाभोवतीच्या खोल्या असतात तशा दोन. एक तुला, एक मला. उरलेले पत्रे आणि दारं नी आयी विकून पैसे माम्लेकडे देईल, त्यात वर्षाचं भाडं निघेल. पत्ता कळव, म्हणजे मला येता येईल.

मावशी म्हणायचं की नाही ते तू ठरव.

कोरकोई


मदिना, आक्रा
४ ऑक्टोबर १९९८

आदरणीय मावशी,

तुमचं पत्र मला १२ सप्टेंबरला मिळालं. मी तेमाहून सुटीच्या दिवशी माम्ले आजींना भेटायला गेलो होतो. त्या पत्र देताना म्हणाल्या, "घे. रडून गेलीय ती. मला वाटलं पाऊस आला." मी ते भट्टीजवळ बसून वाचलं. नंतर त्यांनी एक मासा दिला.

दोन खोल्या मिळाल्या. पत्ता वर पाकिटावर आहे, इथे पुन्हा लिहीत नाही, पण नीट तपासला आहे. नुंग्वाहून दोन ट्रोट्रो गाड्या बदलून दीड तास लागतो. अंगणाभोवती आठ खोल्या, मध्ये आंब्याचं झाड, नळ एक. इथून समुद्र दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. पहिल्या आठवड्यात मला त्यामुळे झोप लागली नाही.

घरमालकीण आजेले बाई. त्यांनीही पहिलं तेच विचारलं, "एकटाच?"

मी म्हणालो, "नाही. माझी मावशी येतेय. हॅम्बुर्गहून."

"मावशी? नाव काय?"

"कोरकोई लॅम्प्टे."

"हे तर आमच्यातलं नाव. तू नदीपलीकडचा. ती तुझी मावशी कुठून झाली?"

मी म्हणालो, "झाली." त्यांनी कमरेच्या गाठीतून दोन किल्ल्या काढल्या आणि म्हणाल्या, "दोन खोल्या म्हणजे दोन वार. इथे खोलीगणिक अंगण झाडावं लागतं. सोमवार तुझा, गुरुवार तिचा. माझ्याकडे परदेशचं कौतुक नाही, सांगून ठेव."

त्याप्रमाणे चालू आहे. सोमवारी मी माझं झाडतो. गुरुवारी तुमचं झाडतो. अंगणातल्या बायका हसतात. एकजण म्हणाली, "मावशीचा केरसुणीला हात कधी लागायचा?" तुमच्या खोलीत मी काही ठेवलेलं नाही. एक दिवा, एक खुर्ची. दार उघडताना खाली घासत होतं, ते तासून घेतलं. खिडकी आंब्याच्या झाडाकडे आहे. भिंत पाहिली, नदीच्या वाळूची आहे.

माम्ले आजींना विचारलं. त्या म्हणतात, त्यांना ट्रोट्रोत उलटी होते, पण पिशवी घेऊन येतील. बोलायचं काय ते त्यांनी पाठ करून ठेवलंय, मला ऐकवायला तयार नाहीत. तुम्ही दाराशी आलात की मी लगेच बसायला म्हणेन. उभं ठेवणार नाही. पण दाराशी यायला मात्र हवं.

आता अडचण अशी. आजेले बाई दर गुरुवारी अंगणातल्या ओंडक्यावर बसतात, मला झाडताना पाहतात आणि विचारतात, "कधी येतेय तुझी मावशी?" मी म्हणतो, "लवकरच." आतापर्यंत तीन गुरुवार झाले. हे मी तुमच्या परवानगीशिवाय बोलतो आहे, आणि मला खोटं बोलायची सवय नाही. म्हणून विनंती, की एकतर परवानगी द्यावी, नाहीतर तारीख द्यावी.

तुमचा,
सेलॉर्म